मुक्कामाचा कर

एखादा कर रद्द झाल्याबद्दल कवींनी आनंदाने ग्रंथ रचावा, असे साहित्याच्या इतिहासात सहसा घडत नाही. सतराव्या शतकात काशीत तसे घडले. गोदातीरी जन्मलेला आणि पुढे काशीत स्थायिक झालेला कवींद्राचार्य सरस्वती हा संन्यासी पंडित शाहजहानच्या दरबारात गेला. काशी आणि प्रयाग येथे येणाऱ्या यात्रेकरूंवर बसणारा कर बादशहाने माफ करावा, अशी रदबदली त्याने केली आणि ती मान्य झाली. काशीच्या पंडितांनी कृतज्ञतेपोटी त्याच्यावर संस्कृत प्रशस्ती लिहिल्या. त्यांचा संग्रह म्हणजे ‘कवींद्रचंद्रोदय’. ब्रज भाषेतल्या कवींनीही मागे न राहता ‘कवींद्रचंद्रिका’ सिद्ध केली. यांपैकी संस्कृत संग्रह हरदत्त शर्मा आणि म. म. पाटकर यांनी संपादित केला आणि तो १९३९ साली पुण्याहूनच प्रसिद्ध झाला. बर्निए या फ्रेंच प्रवाशाने काशीत ज्या प्रमुख पंडिताची भेट घेतली तो हाच, असे प. कृ. गोडे यांनी साधार मांडले आहे. कवींद्राचार्याच्या ग्रंथसंग्रहाची यादी तर १९२१ सालीच बडोद्याहून छापली गेली होती. एवढे सगळे असूनही मराठी वाङ्मयाच्या वर्गात त्याचे नाव क्वचितच निघते. तो संस्कृतात लिहिणारा, त्यातून काशीकर झालेला. आपल्या अभ्यासक्रमाच्या चौकटीत तो बसणार तरी कुठे?

हा संग्रह मला प्रथम आठवला तो वर्गात नव्हे, तर आकुर्डीत, ज्येष्ठाच्या अखेरीस. तुकोबांची पालखी देहूहून निघाली की दुसऱ्या दिवशीचा मुक्काम आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात असतो. त्या एका रात्रीसाठी हजारो माणसे गावात उतरतात. त्यांना पाणी लागते, निवारा लागतो, शौचालये लागतात, दिवे लागतात. दुसऱ्या दिवशी ती पुण्याकडे चालू लागतात आणि खर्च मागे राहतो. हा खर्च कोणी करायचा: येणाऱ्याने, गावाने की राजाने? कवींद्राचार्याच्या प्रशस्तिकारांना हा प्रश्न पडला नव्हता. त्यांच्या दृष्टीने तीर्थाच्या दारात कर मागणारा राजा हाच मूळ अन्याय होता आणि तो दूर होताच प्रश्न संपला होता.

त्यांची भूमिका समजण्यासारखी आहे. अकबराने १५६३ साली मथुरेच्या मुक्कामात यात्रेकरूंवरचा कर उठवला, असे अबुल फजल सांगतो. पुढे त्याच्याच नातवाच्या राज्यात तो कर पुन्हा माफ करवून घ्यावा लागला. याचा अर्थ असा की मधल्या काळात तो कुठे ना कुठे परत आलाच होता. करांचा हा स्वभावच आहे. समारंभाने जातात आणि गुपचूप परततात. मात्र या साऱ्या व्यवहारात एक गोष्ट ठळकपणे गैरहजर आहे. यात्रेकरूकडून घेतलेल्या पैशाचे त्या गावात काय होत असे, याची विचारपूस ना बादशहाच्या बाजूने होते, ना पंडितांच्या. कर हा सत्तेचा मान होता आणि माफी ही सत्तेची कृपा.

येथे मराठी वाचकाला थोडी अडचणीची वाटेल अशी एक नोंद केली पाहिजे. उत्तरेतल्या तीर्थांवरचे कर हटावेत आणि ती क्षेत्रे आपल्या अमलात यावीत, ही पेशवाईची जुनी आकांक्षा. परंतु ओरिसा १७५१ ते १८०३ या काळात नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होता, आणि त्या अवधीत जगन्नाथपुरीला जाणाऱ्या यात्रेकरूंकडून कर घेणारे सरकार मराठ्यांचेच होते. मंदिराच्या खर्चाला आणि अन्नदानाला त्यांनी हात सैल ठेवला हे खरे. पण नाक्यावरची वसुलीही खरीच. ईस्ट इंडिया कंपनीने १८०३ साली पुरी घेतली तेव्हा हा कर तिला वारशाने मिळाला.

कंपनीने १८०६ साली त्याचे रीतसर कायद्यात रूपांतर केले. हा कायदा आज वाचताना त्यातले वर्गीकरण लक्ष वेधून घेते. यात्रेकरूंचे चार वर्ग: लाल, निम लाल, भुरंग आणि पुंजतीर्थी. उत्तरेकडून येणाऱ्या ‘लाल’ यात्रेकरूला १० रुपये मोजावे लागत. त्या काळी ही रक्कम थोडी नव्हती. जेवढा वर्ग वरचा तेवढी दर्शनाच्या दिवसांची मुदत अधिक. पुंजतीर्थी म्हणजे अगदी कंगाल. त्याला पैसे माफ, पण मंदिराचे दारही बंद. अठरानाला पुलापाशी वसुलीचा नाका होता. आजच्या हॉटेलांतल्या खोल्यांची प्रतवारी आणि दरपत्रक यांच्याशी या रचनेचे नाते लावण्याचा मोह होतो, आणि तो अगदीच चुकीचा नाही. माणूस किती दिवस राहणार आणि किती ऐपतीने राहणार, यावर आकारणी करण्याची ती एक ओबडधोबड रीत होती.

या करावर पुढे इंग्लंडात मोठा गदारोळ झाला. क्लॉडियस ब्युकॅनन, जेम्स पेग्ज यांच्यासारख्या मिशनऱ्यांचा आक्षेप असा की ख्रिस्ती सरकार मूर्तिपूजेतून पैसा कमावते आणि कर घेऊन तिला मान्यताही देते. अखेर १८४० च्या दहाव्या कायद्याने पुरी, गया आणि अलाहाबाद येथील यात्राकर रद्द झाले. म्हणजे दोनशे वर्षांच्या अंतराने काशीचे पंडित आणि लंडनचे पाद्री एकाच मागणीवर आले. कारणे परस्परविरुद्ध, मागणी एक! आणि दोन्ही वेळा वादाचा विषय धर्म हाच होता. अठरानाल्यापलीकडच्या गल्लीत पडून राहिलेल्या आजारी माणसाविषयीची हळहळ मिशनऱ्यांच्या लिखाणात पुष्कळ आहे. परंतु कराच्याच पैशातून त्याच्यासाठी काही करता येईल, ही कल्पना त्या वादात गौण राहिली.

ती कल्पना पुढे आणली पटकीने. १८६६ साली इस्तंबूल येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत हिंदुस्थानातल्या यात्रांकडे बोट दाखवले गेले, आणि लगेच पुढच्या वर्षी, १८६७ साली, हरिद्वारच्या कुंभमेळ्यानंतर पटकी उत्तर हिंदुस्थानभर पसरली. यात्रा हा आता धर्माचा किंवा महसुलाचा विषय न राहता पाण्याचा आणि मैल्याचा विषय बनला. पुरीसाठी झालेला १८७१ चा निवासगृहांचा कायदा हे या बदलाचे उत्तम उदाहरण आहे. यात्रेकरूंना भाड्याने जागा देणाऱ्या घरमालकाने परवाना घ्यायचा, एका घरात किती माणसे झोपवायची याची मर्यादा पाळायची आणि परवान्याच्या शुल्काचा पैसा आरोग्याच्या निधीत जायचा. कराचे एकक बदलले. पूर्वी ते ‘दर्शन’ होते, आता ते ‘अंथरूण’ झाले. आज जगभरची पर्यटनस्थळे खोलीवर, रात्रीमागे जो कर बसवतात त्याचा आपल्याकडचा पूर्वज शोधायचा तर तो मला बादशाही फर्मानात नव्हे, तर या परवान्यात दिसतो.

महाराष्ट्रात हा सगळा प्रश्न एका गावात एकवटला होता. पंढरपूरची नगरपालिका १८५५ सालची, म्हणजे मुंबई इलाख्यातल्या जुन्या नगरपालिकांपैकी एक. ती इतक्या लवकर स्थापन होण्याचे कारण त्या गावाची लोकसंख्या नव्हे. वर्षातल्या चार वाऱ्यांना, त्यातही आषाढी-कार्तिकीला, गावाच्या कित्येक पट माणसे तिथे येतात. तेवढ्या माणसांच्या हिशेबाने नळ, गटारे, दवाखाने आणि घाट बांधायचे, आणि ते चालवायचे मात्र वर्षभर राहणाऱ्या मूठभर घरांच्या घरपट्टीवर, हे अंकगणित जुळणारे नव्हते. म्हणून तिथल्या नगरपालिकेने यात्रेकरूंवर कर बसवला आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो तिच्या उत्पन्नाचा एक मोठा आधार राहिला. पुरीच्या जुन्या करापेक्षा हा कर तत्त्वतः वेगळा आहे हे लक्षात घेतले पाहिजे. पुरीचा पैसा सरकारच्या तिजोरीत जाई. पंढरपूरचा पैसा पंढरपूरच्या नगरपालिकेकडे राही. ज्या पाण्यात वारकरी स्नान करणार त्या पाण्यासाठी वारकऱ्याने काही द्यावे, असे हे साधे म्हणणे.

हे म्हणणे कागदावर निर्दोष दिसते. पण वसुली कोणाकडून आणि कशी? १९०६ साली बार्शी लाइट रेल्वे पंढरपुरापर्यंत पोचली. ज्याला आपल्या रेल्वेच्या मराठीत ‘उतारू’ म्हणतात तो तिकीट काढतो, आणि तिकिटात कर मिसळणे ही वसुलीची सर्वांत सोयीची रीत. स्वतंत्र भारताने १९५६ साली रेल्वे उतारूंवरील सीमाकराचा जो कायदा केला तो याच परंपरेतला: तीर्थस्थळी किंवा यात्रा-मेळ्याच्या गावी रेल्वेने येणाऱ्या-जाणाऱ्यांवर तिकिटाबरोबर कर घेण्याची मुभा त्यात आहे. संविधानाच्या संघसूचीत अशा कराला स्वतंत्र नोंदच आहे. पण वारी ही चालण्याची गोष्ट. नारायण महाराजांनी १६८५ साली तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवून पंढरीची वाट धरली तेव्हापासून आजपर्यंत तिचे सार चालण्यातच आहे. दिंडीतून चालत येणारा माणूस तिकीट काढत नाही. गाडीने येऊन, दर्शन घेऊन दुसऱ्या दिवशी परतणारा कर देतो, आणि अठरा-वीस दिवस वाटेवरच्या प्रत्येक गावाचे पाणी पिणारा देत नाही. यात चालणाऱ्याचा दोष काढायचा नाही. पण कर हा नेहमी जिथे माणूस थांबवता येतो तिथेच बसतो. गरज जिथे आहे तिथे बसतोच असे नाही.

मराठी भाषेनेही या घोळात भर घातली आहे. ‘यात्रा’ म्हणजे तीर्थाटन आणि ‘यात्रा’ म्हणजे गावची जत्राही. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात आणि १९६५ च्या नगरपरिषद कायद्यात यात्रेकरूंवरील कराची तरतूद आहे, ती हे दोन्ही अर्थ पोटात घेऊन. पुढे मोठ्या तीर्थक्षेत्रांत यात्राकर मागे पडला आणि त्याच्या जागी शासनाकडून नगरपालिकांना पैसा येऊ लागला. त्याचे नाव मोठे मासलेवाईक आहे: ‘यात्राकर अनुदान’. जो कर घेतला जात नाही त्याचे अनुदान! शब्दाचा पहिला भाग हक्क सांगतो आणि दुसरा भाग उपकार. पंढरपूर, आळंदी यांसारख्या गावांचा शासनाशी असलेला व्यवहार या जोडशब्दात बसला आहे. नगरपालिकेच्या हाती जे स्वतःच्या बळावर येत होते ते आता मागून, ठरावांची व प्रस्तावांची वाट पाहून मिळते.

तीर्थाकडून थंड हवेच्या ठिकाणाकडे वळले की हाच प्रश्न सोवळे उतरवून समोर येतो. माथेरान १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी शोधले असे आपण शाळेत शिकतो. (डोंगरात आधीपासून राहणाऱ्या ठाकर-कातकऱ्यांना ते कधी हरवलेले नव्हते, हे वेगळे.) १९०७ साली नेरळहून छोटी गाडी वर गेली. माथेरानला मोटारी दस्तुरी नाक्यापाशी थांबतात. डोंगराची ही अडचण नगरपरिषदेच्या पथ्यावर पडली आहे; येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याकडून तिथे प्रवेशकर घेता येतो. गेल्या दशकात प्रौढ माणसाला तो ५० रुपये होता. महाबळेश्वरही येणाऱ्यांकडून नाक्यावर कर घेते. हा पैसा गावात राहतो, हा त्याचा गुण. सकाळी येऊन संध्याकाळी उतरणारा विद्यार्थी आणि आलिशान हॉटेलात चार रात्री काढणारा पाहुणा यांना एकच दर, हा त्याचा दोष. पुरीच्या कायद्याने लाल आणि भुरंग यांत भेद तरी केला होता!

ऐपतीप्रमाणे आकारणी करणारा कर आपल्याकडे होता, पण तो गावाचा नव्हता. महाराष्ट्राने १९८७ साली हॉटेले आणि निवासगृहे यांतील सुखसाधनांवर कर बसवला. लोक त्याला ‘लक्झरी टॅक्स’ म्हणूनच ओळखत. खोलीचे भाडे वाढेल तसा दर वाढे आणि स्वस्त खोल्यांना माफी होती. शेवटच्या काळात १,२०० रुपयांहून महाग खोलीवर १० टक्के कर होता. रात्रीमागचा, अंथरुणावरचा कर म्हणतात तो हाच. मात्र तो राज्याच्या तिजोरीत जाई. माथेरानच्या हॉटेलातली खोली, पण कर मुंबईत. १ जुलै २०१७ पासून तोही वस्तू व सेवा करात विरला. त्यासाठी केलेल्या १०१ व्या घटनादुरुस्तीने राज्यसूचीतला ‘सुखसाधनांवरील कर’ हा शब्दप्रयोगच काढून टाकला; करमणुकीवरचा कर तेवढा पंचायती-नगरपालिकांसाठी शिल्लक ठेवला. आता खोलीवरच्या कराचे दर दिल्लीतल्या परिषदेत ठरतात. सप्टेंबर २०२५ मध्ये दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीचा दर १२ वरून ५ टक्क्यांवर आला तेव्हा पर्यटक सुखावले असतील. ज्या गावात ती खोली आहे त्या गावाला यात ना विचारले गेले, ना विचारण्याची कुणाला आवश्यकता होती.

अन्यत्र हे वेगळ्या रीतीने झाले. जर्मनीतल्या बाडेन-बाडेनमध्ये स्नानासाठी येणाऱ्या पाहुण्यांवरचा कर १५०७ पासूनचा सांगतात. फ्रान्सने १९१० च्या कायद्याने आरोग्यस्थळांना मुक्कामावर कर घेण्याची मुभा दिली. कर गावाचा आणि खर्चही गावातच, हे त्यामागचे सूत्र. व्हेनिसने २०२४ साली तर रात्री न राहता नुसते फिरून जाणाऱ्यावरही ५ युरो बसवले, कारण मुक्काम करणारा कर देई आणि गर्दी करणारा सुटून जाई. उतारू आणि चालणारा यांचे पंढरपूरचे कोडे तिथे उलट बाजूने आले आहे. युरोपचे सगळे अनुकरणीय असे मला म्हणायचे नाही. पण तिथल्या गावाने पाहुण्याशी हिशेब करण्याचा आपला अधिकार वरच्या सत्तेकडे सोपवला नाही, एवढे दिसते.

आता पुन्हा आकुर्डी. आकुर्डी हे काही पर्यटनस्थळ नव्हे. १९७० साली पिंपरी, चिंचवड, भोसरी आणि आकुर्डी या चार ग्रामपंचायती एकत्र करून नगरपालिका झाली. १९८२ साली तिची महानगरपालिका झाली. बजाज ऑटोचा कारखाना इथलाच. २००७ साली त्यातले वाहनांचे उत्पादन थांबले. या नगरीचे वैभव उभे राहिले ते जकातीवर. कारखान्यांत येणाऱ्या मालाने नाक्यावर पैसे मोजले आणि त्यातून रस्ते, शाळा, पाण्याच्या टाक्या झाल्या. ‘जकात’ हा शब्द मुळात अरबीतला, धर्माने सांगितलेल्या दानाचा. मराठीत येईपर्यंत त्याचा दानधर्म गळून नाका तेवढा उरला. आमच्या भागात मात्र त्याचा मूळ अर्थ वर्षातून एक रात्र जिवंत होत असे. मालावर घेतलेल्या कराने बांधलेल्या पालिकेच्या शाळांत दिंड्या उतरत, त्याच पैशाच्या नळाचे पाणी भरत आणि कोणी त्यांच्याकडे काही मागत नसे. गावाने माणसावर कर बसवला नाही, कारण त्याला मालावर बसवता येत होता. पंढरपूरला आणि माथेरानला ही चैन कधीच परवडणारी नव्हती. तिथे येणारा माल म्हणजे माणूसच.

ती जकातही आता नाही. १ एप्रिल २०१३ रोजी तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला; १ ऑगस्ट २०१५ रोजी बहुतेक व्यापाऱ्यांवरचा तोही गेला, आणि २०१७ नंतर महापालिकेला राज्याकडून भरपाई मिळते, दरवर्षी ८ टक्के वाढ धरून. देशातल्या श्रीमंत महापालिकांत गणली जाणारी ही नगरी या एका बाबतीत पंढरपूरच्या रांगेत जाऊन उभी राहिली आहे. भरपाई म्हणा, अनुदान म्हणा. पैसा वरून यायचा. २०२४ साली राज्य शासनाने आणखी एक पाऊल टाकले आणि पंढरीला जाणाऱ्या मानाच्या पालख्यांतील दिंड्यांना प्रत्येकी २० हजार रुपये देण्याचे जाहीर केले. वारकऱ्यांमध्ये यावर दोन मते झाली. काहींनी ते स्वीकारले, तर वारी आपल्या खर्चाने करायची असते असे म्हणणारेही निघाले. ज्या यात्रेकरूकडून घेण्याबद्दल चारशे वर्षे वाद झाला त्याला आता देण्याबद्दल वाद होतो आहे. २० हजार रुपये दिंडीच्या हाती पडतात; दिंडी जिथे थांबते त्या गावाचा या जमाखर्चात उल्लेख नसतो.

पालखी पुण्याकडे निघाली की आकुर्डीत सकाळी दहाच्या सुमारास शाळांची मैदाने झाडली जातात. फिरती शौचालये ट्रकवर चढवून पुढच्या मुक्कामी पाठवतात. वर्गांतून बाकडी पुन्हा ओळीत लावतात. एखाद्या फळ्यावर कोणी रात्री खडूने काढलेला विठोबा असतो, आणि दुपारच्या तासाला शिक्षक आले तरी तो लगेच पुसला जात नाही.